नाव कुणाचं राहिलं

लग्नात भाजी खारट झाली तर माणसं चार दिवस बोलतात आणि विसरून जातात. पण माईकवरून एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर आमच्या केज तालुक्यात त्या राहिलेल्या नावावर पुढची निवडणूक लढवली जाते. म्हणून लग्नाची तारीख निघाली की लोक आचाऱ्याच्या आधी राधाकिशनला गाठायचे.

राधाकिशन म्हणजे युसूफ वडगावच्या हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर. त्याच्या तासाला पोरं डुलक्या घ्यायची ती गोष्ट वेगळी, पण मांडवात माईक हातात आला की गडी निराळाच. समोर आजी सरपंच, माजी सरपंच, पडलेला सरपंच, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पुढारी एकाच सोफ्यावर. कुणाला ‘कार्यसम्राट’ म्हणायचं, कुणाला ‘युवकांचं आशास्थान’, कुणाच्या नावाआधी जरा थांबायचं म्हणजे त्याला बरं वाटतं, हे सगळं त्याच्या डोक्यात. हातात कधी चिठ्ठी नसायची. कार्यक्रम उरकला की परतीच्या वाटेवर तो अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत सगळी नावं मनात परत एकदा म्हणायचा. कुणी राहिलंच असेल तर घरी जाण्याआधी त्या माणसाचं घर गाठायचं आणि हात जोडायचे, हा त्याचा नेम.

अशी हात जोडायची वेळ त्याच्यावर एकदाच आली होती, आणि समोर नेमके अमरसिंह आण्णा होते. आण्णा म्हणजे भागातले पुढारी, शिवाय राधाकिशनच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी हसतच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आमाला विसरला मास्तर? उद्या पगार कुठून येतो तेबी विसरशील.” सगळे हसले. राधाकिशनही हसला आणि घरी येऊन जेवला नाही.

याच आण्णांचा पुतण्या सत्यम. त्याचं स्थळ आपणहून राधाकिशनच्या लेकीसाठी, दीपमालासाठी चालून आलं, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. मास्तरानं नशीब काढलं म्हणायचे लोक. होळीआधी साखरपुडा झाला, वैशाखात लग्न धरलं. आण्णांनी बजावून ठेवलं, “माईक तूच धरायचा. पोरीचा बाप आसलास म्हणून काय झालं? जिल्ह्यातली सगळी येनार हायेत. ती नावं मी दुसऱ्या कुनाच्या तोंडी द्यायचो न्हाई.”

आणि नेमका त्याच दिवसांत राधाकिशनचा घसा गेला.

गेला म्हणजे बसला नाही, खवखवला नाही. चैत्रात घाटनांदूरला एक लग्न होतं. मान्यवरांची सगळी नावं लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग तो म्हणाला, “आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो, ते चिरंजीव...” आणि पुढं काही आलंच नाही. कुणीतरी आतून घसा मुठीत धरावा तसं झालं. तोंड उघडं, कपाळावर घाम, आणि माईकमधून नुसता श्वास. मंडपवाल्यानं प्रसंग ओळखून बँड सुरू केला म्हणून निभावलं. पुढच्या लग्नात तेच. तिसरी सुपारी त्यानं पोटाचं कारण सांगून परत केली.

लातूरच्या घशाच्या डॉक्टरनं नाकातून नळी घालून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बायकोनं, विमलबाईनं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा असा ठसका उठला की शेजारची माणसंसुद्धा खोकत बाहेर आली. म्हणजे दृष्टही नव्हती. विमलबाई तिथंच मटकन बसली. दृष्ट असती तर तिला बरं वाटलं असतं.

“आवं, लग्नाच्या दिशी आसं झालं तर?” ती म्हणाली. “आण्णांच्या म्होरं?”

हा एकच प्रश्न राधाकिशनच्याही डोक्यात दिवसरात्र फिरत होता. मांडव, दोन हजार माणसं, पुढच्या रांगेत आण्णा, आणि आपलं उघडं तोंड. घास गिळतानाही तो आधी घसा चाचपायचा. त्याच लातूरच्या डॉक्टरनं जाता जाता एक नाव सांगितलं होतं, अंबाजोगाईच्या रोहिणी मॅडमचं. मनाचं बघतात म्हणे. शेवटी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, कुणाला न सांगता, तो काळी-पिवळी जीप धरून निघाला.

मॅडमची खोली एका मेडिकल दुकानाच्या माडीवर होती. जिन्याला लागायच्या आत दुकानदारानं ओळखलंच. “सर, तुमीच ना आमच्या भाच्याच्या लग्नात बोलले व्हते? हितं कसं काय?” राधाकिशननं गरज नसताना झेंडूबामची डबी घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि दुकानदार आत वळल्यावर चोरासारखा वर चढला.

रोहिणी मॅडम चाळिशीतल्या, साध्या. टेबल नाही, पांढरा कोट नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः समोर न बसता जरा बाजूला बसल्या, म्हणजे त्याला समोर भिंतच दिसावी. घशाची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “इथं एकच काम करायचं. मनात जे येईल ते, येईल तसं बोलायचं. लाज वाटली तरी, बिनकामाचं वाटलं तरी. पुस्तकात याला मुक्त साहचर्य म्हणतात, पण तुम्ही नाव विसरा. फक्त निवडायचं नाही आणि क्रम लावायचा नाही.”

“क्रम न लावता?” राधाकिशननं विचारलं. त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“हो.”

आता सांगा, ज्या माणसाचं सगळं आयुष्य क्रमावर उभं, त्याला हे सांगायचं म्हणजे पोहणाऱ्याला हात बांधून विहिरीत ढकलायचं. राधाकिशननं घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि सुरू झाला. “सर्वप्रथम या ठिकाणी आदरणीय रोहिणी मॅडम यांचे मनःपूर्वक आभार...” पुढं आईवडील, गुरुजन, संस्थेचे अध्यक्ष कार्यसम्राट अमरसिंह आण्णा, मुख्याध्यापक, सहकारी शिक्षकवृंद. भाषण ठणठणीत झालं, कुठं अडलं नाही. वेळ संपली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांची ओळख झाली. पुढच्या वेळी स्वागत नको.” त्या हसत होत्या, पण राधाकिशनचे कान तापले.

परतताना जीपमध्ये त्याला एकच धास्ती, दुकानदार कुणाला बोलला तर? अंबाजोगाईत बोललेलं केजला पोचायला किती वेळ लागतो? मास्तर वेडा झाला, ही बातमी आण्णांच्या कानावर गेली तर माईक राहिला बाजूला, नोकरीवर पाणी. तरीही पुढच्या शनिवारी तो गेला. दुसरीकडं जायला जागाच कुठं होती? लग्न पंधरवड्यावर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

या वेळी त्यानं ठरवलं, बोलायचंच नाही. फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडं बघत बसला. मॅडमही काही बोलल्या नाहीत. पंखा करकरत होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी टरबुजं विकत होतं. राधाकिशनला वाटलं, मॅडम काहीतरी विचारतील, त्या विचारीनात. असल्या मोकळ्या जागेची त्याला सवयच नव्हती. मांडवात क्षणभर जरी कुणी बोलायचं थांबलं तर तो लगेच भरून काढायचा. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

“टरबूज,” तो म्हणाला, आणि मॅडमकडं वळून बघितलं.

“हं. पुढं.”

“टरबूज... मांजरसुंब्याला त्या ढाब्यावर कापून ठेवतात, माशा बसतात. आण्णांच्या गाडीत गेलतो तिथं एकदा. आण्णा जेवत होते, मी उभाच. बसा म्हणाले न्हाईत, मग कसं बसायचं? शेवभाजी. लई भूक लागलती. माझी आई, तुळजाबाई, ती पाव्हणे आले की माझ्या तोंडात गुळाचा खडा घालायची. मी लई बडबड्या होतो ना. खडा विरघळेपर्यंत गप. मोहनराव मुख्याध्यापक चहात बिस्कीट बुडवतात, ते तुटून खाली पडतं. माईकला मी रुमाल गुंडाळतो, दुसऱ्याची थुंकी नको म्हणून. दीपमाला लहानपणी तो रुमाल धुवायची, हट्टानं. एवढीशी. दगडावर आपटायची. तिची आई रागवायची, साबण संपवते म्हणून...” तो थांबला. “खिसा.”

“खिसा?”

“काय की. पांढऱ्या शर्टाचा खिसा आला डोळ्यापुढं. त्यात आतून उजेड लागतोय. लागतोय, बंद होतोय. जाऊ द्या, बिनकामाचं हाय.”

“बिनकामाचंच सांगा.”

 राधाकिशनचा घसा आत कुठंतरी आवळायला लागला. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, ते न वाचताच म्हणाला, “मॅडम, माझी गाडी जाईल,” आणि उठला. वेळ अजून बरीच शिल्लक होती. मॅडमनी अडवलं नाही. “बोललेलं खोलीबाहेर जात नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं मान डोलवली, पण विश्वास बसला नाही. माईकवर बोललेला शब्द कधी परत घेता आल्याचं त्याला तरी ठाऊक नव्हतं.

जीप भरायची वाट बघत ड्रायव्हर हाका मारत होता. राधाकिशन मागच्या बाकावर, दोन पिशव्या आणि एका म्हाताऱ्याच्या मध्ये दाटून बसला. गाडी हलली. अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला. इतक्या वर्षांची खोड ती, कार्यक्रम कसला का असेना. कोण कोण झालं? आण्णा. आई. मोहनराव. दीपमाला. तिची आई. बिस्कीट आणि माशासुद्धा झाल्या. मागच्या शनिवारचीही नावं त्यानं जोडून घेतली. आण्णा तर तीन-चारदा झाले. मग राहिलं कोण?

कुणीतरी राहिलं होतं. ही जाणीव त्याच्या ओळखीची होती. पेरं परत पहिल्यापासून मोजली. लग्नासाठी म्हणून आपण या बाईकडं गेलो. दोन शनिवार बोललो, आणि ज्याचं लग्न, तो नवरदेवच कुठं नाही. सत्यमचं नाव एकदाही आपल्या तोंडात आलं नाही.

राधाकिशननं आधी स्वतःचीच समजूत काढली. घाईत राहिलं असेल. मग खिडकीकडं तोंड करून, अगदी हळू, त्यानं म्हणून पाहिलं. “चिरंजीव स...”

घशातली मूठ आवळली. शेजारचा म्हातारा म्हणाला, “पानी देऊ का सर? तोंड लालबुंद झालंय.”

पाण्याची बाटली तोंडाला लावलेली असतानाच त्याला तो खिसा कुणाचा ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरला होता असं थोडंच होतं? साखरपुड्याचा मांडव. दीपमाला खुर्चीवर, हातात फोन. तिच्या मैत्रिणीचा फोन आला म्हणून तिनं उचलायला स्क्रीनवर बोट ठेवलं. शेजारी बसलेल्या सत्यमनं तो तिच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, आरामात, आपलीच वस्तू असल्यासारखा काढला आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकला. मैत्रीण परत परत लावत असणार, खिशातून उजेड लागत होता. दीपमालानं मान वर केली आणि स्टेजवर उभ्या असलेल्या बापाकडं बघितलं. सगळा मांडव क्षणभर गप्प झाला.

आणि राधाकिशनच्या हातात माईक होता. मोकळी जागा त्याला सोसवत नाही. तो म्हणाला, “बघा मंडळी, नवरदेवांनी आत्तापासूनच कारभार हातात घेतला. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णा पोट धरून हसले. फोन दुसऱ्या दिवशी परत आला, पण आतलं सिम नवं होतं, आणि तो नंबर फक्त सत्यमला ठाऊक होता.   राधाकिशननं मनाशी म्हटलं, नव्या नात्यात असं चालायचंच.

युसूफ वडगावच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.  आता काय करायचं? घशाचं कारण कळलं होतं, आणि न कळलेलं बरं होतं असं वाटत होतं. ज्या संस्थेची भाकरी खातो तिच्या अध्यक्षाच्या पुतण्याला नाही म्हणायचं? पत्रिका वाटून झाल्यावर? पोरीला नसेल वाटत काही, तर आपणच उगा तिचं मोडायचं? हा शेवटचा विचार त्याला जरा बरा वाटला, आणि बरा वाटला याचीच त्याला लाज वाटली.

विमलबाई गोठ्याकडं गेली होती. दीपमाला ओसरीवर मेथी निवडत बसली होती. राधाकिशन तिच्यासमोर भिंतीला पाठ लावून बसला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून बाजूला बसला, म्हणजे तिला आपलं तोंड दिसू नये.

“माला, एक काम करशील? मनात यील ते बोल. काही निवडू नको. आधी काय, मागून काय, कायबी बघू नको.”

दीपमालानं हातातली काडी खाली ठेवली. “कावून? काय झालं आबा? घसा परत धरला का?”

“घसा बरा हाय माझा. तू बोल.”

तिला वाटलं, बापाचं काहीतरी बिनसलंय. त्याचं मन रमावं म्हणून ती बोलायला लागली. मेथी जुनी निघाली, देठच लई. शेजारच्या मांजरीनं दूध सांडलं. पोळ्याला घेतलेल्या बांगड्या हाताला घट्ट होतात. मैत्रिणीचं नर्सिंगचं ॲडमिशन झालं, तिनं सांगायला फोन केला असेल, पण तिला नवा नंबर कुठं ठाऊक? सत्यम रोज विचारतात, दारात कोण उभं होतं. काल दूधवाल्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, त्याच्याशी हसून बोलायचं काय कारन.

राधाकिशनला मधे बोलावंसं वाटलं. काहीतरी मोकळं, हसण्यावारी न्यायचं वाक्य जिभेवर तयारच होतं. त्यानं दात आवळून ते आत ठेवलं.

 ती मेथीचं एकेक पान खुडत राहिली. मग खालीच बघत म्हणाली, “तुमी टाळ्या मागितल्या व्हत्या आबा.”

“व्हय,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुमाला दिसलंच न्हाई. मग लक्षात आलं, दिसलं म्हनूनच मागितल्या.” तिनं डोळे पुसले नाहीत. “मला न्हाई जायचं तितं. पन तुमची नोकरी हाय. आईनं भांडीबी घेतली.”

विमलबाई शेणाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं की शेवटचंच, ते कळायला मार्ग नव्हता. राधाकिशननं खिशातून फोन काढला तशी ती घाईनं पुढं आली. “आवं, आज नको. इचार करा. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय.” तिचं काही खोटं नव्हतं.  पण उद्यापर्यंत थांबलो तर उद्या आपण परत टाळ्याच मागू, एवढं आता त्याला स्वतःबद्दल पक्कं कळलं होतं.

पहिल्याच घंटीला आण्णांनी उचलला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता, बैठक बसलेली असणार.

“बोल मास्तर. मंत्र्यांचं नाव आधी घ्यायचं का आमदारांचं, हेच इचारायचं ना?”

“न्हाई आण्णा.” आज नावाला ना कार्यसम्राट लागलं, ना आदरणीय. “सत्यमचं...”

घसा आवळला. राधाकिशन थांबला. त्यानं ती मोकळी जागा भरली नाही, तशीच राहू दिली. पलीकडं गलका कमी झाला. दीपमाला उठून जवळ आली होती, मेथीचा वास येत होता. मूठ जराशी सैल झाल्यासारखी वाटली, आणि फाटक्या, चिरक्या आवाजात, कुठल्याही मांडवात चालला नसता अशा आवाजात तो म्हणाला, “सत्यमचं आणि दीपमालाचं लग्न व्हायचं न्हाई आण्णा.”

 आण्णा अगदी गोड आवाजात म्हणाले, “नीट ऐकू आलं न्हाई रं. परत बोल.”

त्यांना नीट ऐकू आलं होतं. राधाकिशनला ते कळत होतं. माणसाला शब्द गिळायची एक संधी द्यायची आणि गिळला की पाठीवर हात ठेवायचा, ही आण्णांची जुनी रीत. विमलबाईनं पदर तोंडावर धरला होता.

राधाकिशननं घसा खाकरला आणि तेच वाक्य परत एकदा म्हटलं. या वेळी दीपमालाचं नाव आधी घेतलं.